कान्हेरी: पांडवांची नव्हे, सोनार-लोहारांची

महाराष्ट्रात डोंगरात लेणी दिसली की पांडव हजर! एका रात्रीत कोरायला घेतली, कोंबडा आरवला, काम अर्धवट टाकून भाऊ निघून गेले. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या पायऱ्या चढतानाही कोणी ना कोणी ही कथा सांगतंच. तीन नंबरचा चैत्य पाहिला की ती पटतेही, कारण तिथले काही खांब कोरीव, तर काही नुसते अठपैलू ठोकळे. पण अर्धवट कामाला पहाटच व्हावी लागते असं नाही. पैसा संपला तरी पुरतं.

आणि इथे पैसा कोणाचा, हे भिंतीवरच लिहिलंय. सुमारे हजार वर्षं नांदत्या राहिलेल्या या शंभरावर लेण्यांत ब्राह्मी लिपीतले दानलेख जागोजागी आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचं टाकं खोदून दिलं, तिथल्याच एका लोहाराने वाट करून दिली. कुणी पैसे कायमचे गुंतवून व्याजातून भिक्षूंच्या चीवरांची सोय केली. मुद्दलाला हात लावायचा नाही, ही अट तेव्हाही होतीच. त्यामुळे ‘जगाला विटून जंगलात बसलेले साधू’ ही दुसरी समजूतही टिकत नाही. सोपारा आणि कल्याण ही बंदरं जवळ, व्यापारी दाते हाताशी. विहारांना लागून खोदलेली टाकी आणि खडकात काढलेले पाट बघा. पावसाचं पाणी अडवणारी ही व्यवस्था म्हणजे मोठ्या वस्तीचा नेटका कारभार आहे. लोक मूर्तींचे फोटो काढतात आणि टाक्यांवरून उडी मारून पुढे जातात, हे मात्र खटकतं.

दंतकथा रचण्यात पोर्तुगीजही मागे नव्हते. राजाने आपल्या मुलाला संसारदुःखापासून दूर ठेवायला हे सारं कोरलं, असं बखरकार दियोगो दो कूतोने लिहिलं. बुद्धचरित्राचाच तो फिरून आलेला अवतार. भुयार तर इतकं लांब, की पाद्री सात दिवस चालूनही त्याचा शेवट सापडला नाही म्हणे!

90 नंबरच्या लेण्यात मात्र दंतकथेपेक्षा नवलाचं खरं आहे. 1009 आणि 1021 साली आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावं आणि तारखा भिंतीवर कोरून ठेवल्या आहेत. आज कोणी तसं केलं तर पुरातत्त्व खातं धरेल. उद्यान सोमवारी बंद असतं, तेव्हा तो वार सोडून जा.