विश्लेषण : एका सर्टिफिकेशननंतर लगेच दुसरे… आयटी कर्मचाऱ्यांनी मध्ये किती थांबावे?

वार्षिक मूल्यमापनाचा मोसम जवळ आला, की लिंक्डइनवर नव्या बॅजची रांग लागते. एका परीक्षेचा निकाल हाती पडताच त्याच आठवड्यात पुढच्या परीक्षेची तारीख घेतली जाते. मात्र, तीन महिन्यांत तीन सर्टिफिकेशन मिळवलेला उमेदवार सहा महिन्यांनी मुलाखतीत पहिल्याच परीक्षेतील साध्या प्रश्नावर अडतो, असेही घडते. दोन परीक्षांमध्ये किती अंतर असावे? त्या काळात अभ्यास पूर्ण बंद ठेवावा का? परीक्षांचे नियम आणि स्मरणशक्तीवरील संशोधन याविषयी काय सांगते?

इतकी घाई कशासाठी?

पहिले कारण कंपन्यांची गरज. क्लाउड कंपन्यांच्या भागीदार योजनांत वरचा दर्जा मिळवण्यासाठी सेवा पुरवठादाराकडे ठरावीक संख्येने प्रमाणित कर्मचारी असावे लागतात. त्यामुळे अनेक कंपन्या परीक्षेचे शुल्क स्वतः भरतात आणि सर्टिफिकेशन कर्मचाऱ्याच्या वार्षिक उद्दिष्टांत धरतात. दुसरे कारण व्हाउचर. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस म्हणजेच एडब्ल्यूएसची एक परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पुढच्या परीक्षेच्या शुल्कात ५० टक्के सवलत मिळते. असोसिएट पातळीच्या परीक्षेचे शुल्क १५० डॉलर असल्याने ती सोडवत नाही. तिसरे कारण धास्तीचे. प्रकल्प संपून ‘बेंच’वर आलेल्याला हातात आणखी एक प्रमाणपत्र असलेले बरे वाटते.

त्यात जुन्या सवयीची भर पडते. सेमिस्टरभर सबमिशन आणि ‘पीएल’मध्ये रात्र जागून विषय काढायचा, ही पद्धत अभियांत्रिकीच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडलेली असते. तिथे पेपर झाला की विषय संपतो. नोकरीत तो विषय परीक्षेनंतर सुरू होतो, हा मोठा फरक आहे.

परीक्षांचे नियम काय सांगतात?

परीक्षेत अपयश आले तर थांबावेच लागते. एडब्ल्यूएसची परीक्षा १४ दिवसांनंतरच पुन्हा देता येते. मायक्रोसॉफ्टमध्ये पहिल्या अपयशानंतर २४ तास आणि त्यापुढील प्रत्येक प्रयत्नाआधी १४ दिवस थांबावे लागते. शिवाय १२ महिन्यांत एकच परीक्षा पाचपेक्षा जास्त वेळा देता येत नाही. सिस्कोच्या सीसीएनएसाठी हे अंतर ५ दिवसांचे आहे. गुगल क्लाउड तर पहिल्या अपयशानंतर १४ दिवस, दुसऱ्यानंतर ६० दिवस आणि तिसऱ्यानंतर एक वर्ष थांबायला लावते.

मात्र, हे नियम नापास झालेल्यांसाठी आणि त्याच परीक्षेपुरते आहेत. उत्तीर्ण झालेल्याला दुसऱ्या दिवशी वेगळ्या परीक्षेला बसायला कोणीही अडवत नाही. मध्ये किती थांबायचे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते.

सलग अभ्यासाने स्मरणशक्तीचे काय होते?

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ करून त्या किती विसरल्या जातात, हे त्यांनी मोजले. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो आणि नंतर तो मंदावतो, असे त्यांना आढळले. अर्थपूर्ण गोष्टी इतक्या लवकर विसरल्या जात नाहीत. पण परीक्षेसाठी घोकलेली पोर्ट क्रमांकांची यादी किंवा विविध सेवांच्या मर्यादांचे आकडे जवळपास त्या अक्षरांसारखेच असतात.

उजळणीत अंतर ठेवल्यास फायदा होतो, हे त्यानंतर अनेकदा सिद्ध झाले. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी १,३५० हून अधिक जणांवर केलेला अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सामान्य ज्ञानाची अपरिचित माहिती वापरली होती. माहिती आठवडाभर लक्षात ठेवायची असेल तर उजळणीपूर्वी एक-दोन दिवसांचे अंतर उपयोगी ठरले. वर्षभर टिकवायची असेल तर हे अंतर साधारण तीन ते चार आठवड्यांचे निघाले. हा अभ्यास आयटी परीक्षांचा नव्हता. तरी त्यातून हाती लागणारी गोष्ट सरळ आहे. उत्तीर्ण झाल्यानंतर सुमारे महिनाभराने होणारी उजळणी सर्वाधिक कामाची, आणि सलग परीक्षा देणाऱ्याची नेमकी तीच बुडते. तोवर तो पुढच्या परीक्षेचे व्हिडीओ पाहत असतो.

नूतनीकरणाचा हिशेब का महत्त्वाचा?

प्रत्येक सर्टिफिकेशनची मुदत वेगळी असते. एडब्ल्यूएस आणि सीसीएनए तीन वर्षे चालतात. मायक्रोसॉफ्टची असोसिएट आणि एक्स्पर्ट पातळीची प्रमाणपत्रे एकच वर्ष चालतात. त्यांचे नूतनीकरण ऑनलाइन आणि मोफत असते, आणि ते मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत करावे लागते. कुबरनेटिसच्या सीकेए परीक्षेची मुदत १ एप्रिल २०२४पासून तीनऐवजी दोन वर्षे झाली आहे.

समजा, एखाद्याने जानेवारीत एडब्ल्यूएस सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट, फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टची एझेड-१०४ आणि मार्चमध्ये सीकेए काढली. सगळे टिकवायचे तर दर फेब्रुवारीपर्यंत एझेड-१०४चे नूतनीकरण, दोन वर्षांनी मार्चपर्यंत सीकेए आणि तिसऱ्या वर्षी जानेवारीपर्यंत पुन्हा एडब्ल्यूएस. या साऱ्या मुदती वर्षाच्या त्याच तीन महिन्यांत येतात, म्हणजे अनेक कंपन्यांत मूल्यमापनाची धावपळ असते तेव्हाच.

उलट, थांबल्याने पैसेही वाचू शकतात. एडब्ल्यूएसची प्रोफेशनल पातळीची सोल्युशन्स आर्किटेक्ट परीक्षा उत्तीर्ण झाल्यास त्याच मार्गावरील असोसिएट प्रमाणपत्राचेही नूतनीकरण होते. ती दुसऱ्याच महिन्यात देण्यापेक्षा प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेऊन दोन-अडीच वर्षांनी दिली, तर एकाच शुल्कात दोन्ही साधतात. सीसीएनएधारकालाही सिस्कोची प्रोफेशनल पातळीची परीक्षा देऊन मुदत वाढवता येते.

विश्रांती म्हणजे अभ्यास बंद?

काही दिवस पूर्ण बंद ठेवणे योग्यच. हिंजवडी किंवा ऐरोलीत काम करणाऱ्याचा दिवस प्रवास आणि अमेरिकी वेळेनुसार चालणाऱ्या बैठकांत जातो. अभ्यासाला वेळ मिळतो तो रात्री अकरानंतर, म्हणजे झोपेतून काढलेला. जेंकिन्स आणि डॅलेनबाख या अमेरिकी संशोधकांनी १९२४मध्येच दाखवले होते, की शिकल्यानंतर झोप घेतली तर तेवढेच तास जागे राहण्यापेक्षा जास्त आठवते. झोप कापून वाढवलेला अभ्यास म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवणे, आणि तेही गळक्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये ‘बर्नआउट’चा समावेश रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत केला. संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणच्या सततच्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणते. थकवा, कामापासून तुटलेपण आणि कार्यक्षमता घटल्याची भावना ही त्याची तीन लक्षणे. तोच परिच्छेद तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नसेल, सराव चाचणीचे गुण अभ्यास करूनही घसरत असतील, तर पुढची तारीख घेण्याची ती वेळ नव्हे.

पूर्ण विश्रांतीनंतरचा काळ हलक्या उजळणीचा. तीही नोट्स पुन्हा वाचून होत नाही. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगात उतारा चार वेळा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर त्यातील ४० टक्के आठवले. एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के आठवले. विशेष म्हणजे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत वाचणारेच पुढे होते. वाचून ‘येतंय’ असे वाटते, ते या कारणाने.

मग अंतर किती असावे?

सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही. पण वरील गोष्टी जोडल्या तर एक आडाखा बांधता येतो. असोसिएट पातळीच्या परीक्षेसाठी दोन-अडीच महिने रोज तासभर अभ्यास केला असेल, तर त्यानंतर सहा आठवड्यांचे अंतर परवडते.

पहिले दोन आठवडे अभ्यास नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शिकलेल्यातील एखादी गोष्ट स्वतः उभारून पाहायची. उदाहरणार्थ, छोटे संकेतस्थळ क्लाउडवर चढवून त्याचे नेटवर्क, परवानग्या आणि बॅकअप हाताने लावायचे. मोफत मर्यादेबाहेर बिल जाऊ नये म्हणून खर्चाचा इशारा आधी लावून ठेवायचा. चौथ्या आठवड्याअखेर पुस्तक न उघडता सराव चाचणी द्यायची. गुण फारसे घसरले नसतील, तर पाचव्या-सहाव्या आठवड्यात पुढच्या परीक्षेचा अभ्यासक्रम चाळायचा आणि मगच तारीख घ्यायची. घसरले असतील, तर कुठे कच्चे राहिले ते मुलाखतीआधीच कळते.

परीक्षा एकमेकींना लागून असतील, तर अंतर कमी चालते. मायक्रोसॉफ्टचे एझेड-३०५वर आधारित एक्स्पर्ट प्रमाणपत्र एझेड-१०४ असल्याशिवाय मिळत नाही आणि दोन्हींचा बराच पाया एक आहे. तिथे लांबलेली सुट्टी तोट्याची ठरते. नेटवर्किंगकडून सुरक्षेकडे असा विषय बदलत असेल, तर मात्र पूर्ण सहा आठवडे घ्यावेत.

कंपनीने तारीख ठरवून दिली असेल तर?

तिथे मोकळीक कमी असते. पण मागण्यासारखे बरेच असते. वर्षाच्या सुरुवातीलाच उद्दिष्टांत ‘तीन सर्टिफिकेशन’ऐवजी ‘एक सर्टिफिकेशन आणि त्यावर आधारित प्रकल्पातील काम’ असे लिहून घेता येते का, हे व्यवस्थापकाला विचारता येते. व्हाउचरची मुदत पाहूनच ते स्वीकारावे. डिसेंबरअखेर संपणारे व्हाउचर नोव्हेंबरात मिळाले आणि अभ्यास झालेला नसेल, तर ‘डम्प’ म्हणजे फुटलेल्या प्रश्नांच्या संचाकडे हात जातो. तसे आढळल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते आणि पुढील परीक्षांवर बंदीही येऊ शकते.

शुल्क कंपनीने भरले, तरी बॅज कर्मचाऱ्याच्या नावावर असतो. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडल्यावर फोनही त्यालाच येतो. त्या वेळी आठवेल तेवढेच कामाला येते. दोन परीक्षांमधले सहा आठवडे त्यासाठी असतात.