चुकलेला पर्याय काय सांगतो? – शिष्यवृत्ती परीक्षेच्या गणिताची तयारी



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या शाळांमध्ये शिष्यवृत्तीची गडबड सुरू होते. जादा तास, सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आणि पालकांचा ठरलेला प्रश्न, "मॅडम, किती पडले?" आपणही लगेच आकडा सांगतो. ५० पैकी २८, ५० पैकी ३१. पुढच्या आठवड्यात नवीन पेपर, नवीन आकडा. मीही बरीच वर्षं असंच करत होते. या लेखात त्या आकड्याच्या मागे काय दडलेलं असतं आणि ते कसं शोधायचं, हे माझ्या वर्गातल्या उदाहरणांसह सांगणार आहे.

आधी परीक्षेचं स्वरूप

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे ही परीक्षा घेते. पूर्वी चौथीला असलेली ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवीला आली. इयत्तेबद्दलचे शासन निर्णय बदलत असतात, पण मूल कोणत्याही इयत्तेत बसलं तरी खाली सांगितलेल्या चुका त्याच असतात. मी पाचवीचा नमुना धरून लिहिते.

पेपर एकमध्ये प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न असतात. प्रत्येकी २ गुण, एकूण १५० गुण आणि वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात, त्यांतला एक बरोबर. उत्तराचा गोल बॉलपेनने रंगवायचा, एकदा रंगवला की बदलता येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. पात्र ठरण्यासाठी प्रत्येक पेपरमध्ये किमान ४० टक्के गुण लागतात.

आता मुख्य मुद्दा. उरलेले तीन चुकीचे पर्याय असेच मनाला येतील ते आकडे नसतात. चांगला प्रश्न काढणारा मुलं कुठे कुठे चुकतात याचा विचार करून ते तीन पर्याय बनवतो. म्हणून मुलाने कोणता चुकीचा पर्याय निवडला, यावरून त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते बरंचसं कळतं.

एक वजाबाकी, चार उत्तरं

फळ्यावर हे उदाहरण लिहा : ५००३ – १६७८ = ?
पर्याय : १) ४६७५ २) ३४३५ ३) ३३२५ ४) ४३२५

बरोबर उत्तर ३३२५. पण बाकीची तीन उत्तरं बघा.

४६७५ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं. ३ मधून ८ जात नाहीत, मग ८ मधून ३ काढले. त्याला हातचा घेणं मुळात समजलेलंच नाही.

३४३५ लिहिणाऱ्या मुलाला हातचा कळतो, हजारातून एक कमीही करतो. पण मधल्या दोन्ही शून्यांचे तो दहा-दहा करतो. दशकाने एककाला एक दिला की दशकात नऊ उरतात, हे त्याच्या लक्षात येत नाही.

४३२५ लिहिणाऱ्याला शून्याचे नऊ झाले हे माहीत आहे, पण ज्याच्याकडून उसने आणले त्या पाच हजारांचे चार करायला तो विसरला.

तिघांच्याही पेपरवर आपण लाल पेनने एकच फुली मारतो आणि तिघांनाही एकच वाक्य ऐकवतो, "अजून सराव कर." पहिल्याला हातचा पहिल्यापासून शिकवायला हवा, दुसऱ्याला शून्याचं गणित दाखवायला हवं आणि तिसऱ्याला फक्त खूण करायची सवय लावायला हवी. मग तिघांना एकच औषध कसं चालेल?

मला हे कधी कळलं

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. नियमित यायची, गृहपाठ पूर्ण असायचा, पण सराव पेपरमध्ये गणितात १७-१८ च्या वर जात नव्हती. मी तिला जास्तीचे पेपर दिले. तिने ते सगळे मन लावून सोडवले. आकडा हलला नाही. हळूहळू तिने शंका विचारणं बंद केलं. "मला गणित येतच नाही," असं ती मैत्रिणींना सांगायला लागली. परीक्षेत ती थोडक्यात अपात्र ठरली.

निकालानंतर मी तिची कच्च्या कामाची वही चाळली. पानोपानी तीच चूक, शून्याचे दहा. साध्या वजाबाकीत तीच, खरेदीच्या उदाहरणात तीच, किलोमीटर-मीटरच्या उदाहरणात तीच. एका चुकीने तिचे कितीतरी प्रश्न खाल्ले होते. प्रत्येक नव्या पेपरबरोबर तिची ती चूकच पक्की होत होती.

मग मी तिला खेळातल्या नोटा दिल्या. हजाराच्या पाच नोटा आणि एक रुपयाची तीन नाणी. म्हटलं, यातून मला आठ रुपये सुटे दे. तिने एक हजाराची नोट मोडून शंभराच्या दहा घेतल्या. त्यातली एक मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून एकेकची दहा नाणी. मग समोर मांडून मोजलं, हजाराच्या चार, शंभराच्या नऊ, दहाच्या नऊ आणि तेरा नाणी. ती बघतच राहिली. म्हणाली, "मॅडम, हे आधी का नाही दाखवलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. डी.एड.ला असताना 'नैदानिक चाचणी' आणि 'उपचारात्मक अध्यापन' यांवर मी पानंच्या पानं लिहिली होती. वर्गात मात्र फक्त गुण मोजत होते.

नेहमी भेटणाऱ्या आणखी काही चुका

१) संख्यावाचन. 'एकोणसाठ' ऐकून मूल ६९ लिहितं. त्याने 'साठ' ऐकलं आणि नऊ जोडले, त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. 'बेचाळीस'चे २४ होतात, कारण आपण बोलताना एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत दिली तेव्हा बराच वाद झाला होता. आपलं मत काहीही असो, मुलांची ही अडचण खरी आहे. पाचवीतही रोज पाच मिनिटं श्रुतलेखन घ्या आणि एकोणतीस ते एकोणनव्वद ही मंडळी मुद्दाम त्यात घाला. 'पाच लाख चार हजार तीस' अशा संख्याही घ्या. ५४०३० लिहिणाऱ्या मुलाला स्थानिक किमतीचा तक्ता लागेल.

२) वेळ. एसटी सकाळी ९:४५ ला सुटली आणि ११:२० ला पोहोचली, तर प्रवासाला किती वेळ लागला? मुलं ११२० मधून ९४५ वजा करतात आणि १ तास ७५ मिनिटं लिहितात. इथे हातचा १०० चा नाही, ६० चा आहे. वजाबाकी मांडायलाच लावू नका. एक रेषा काढा. ९:४५ ते १० पर्यंत १५ मिनिटं, १० ते ११ एक तास, पुढे २० मिनिटं. एकूण १ तास ३५ मिनिटं. ७२ सेकंदांत ही पद्धत सहज बसते.

३) परिमिती आणि क्षेत्रफळ. १२ सेमी लांब आणि ८ सेमी रुंद आयताची परिमिती किती? उत्तर ४० सेमी. २० लिहिणाऱ्याने दोनच बाजू मिळवल्या. ९६ लिहिणाऱ्याने क्षेत्रफळ काढलं. सूत्र पुन्हा पाठ करून घेण्यापेक्षा दोघांना मैदानात न्या. आखलेल्या चौकोनाच्या कडेने चालायला लावा आणि मग आत वर्तमानपत्रं अंथरायला लावा. कडेने चालणं ती परिमिती, आत अंथरणं ते क्षेत्रफळ.

४) अपूर्णांक. १/३ आणि १/४ यांत मोठा कोणता? चार मोठे म्हणून १/४ असं उत्तर येतं. एकाच लांबीच्या दोन कागदी पट्ट्या घ्या, एक तिघांत वाटा आणि एक चौघांत. वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो, हे मुलाला घरच्या भाकरीवरून माहीतच असतं.

'जास्त' म्हणजे बेरीज?

ही चूक मुलांची कमी आणि आपली जास्त आहे. रेश्माकडे ४८ चिंचोके आहेत. ते सलीमकडच्या चिंचोक्यांपेक्षा १२ ने जास्त आहेत. तर सलीमकडे किती? माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी ६० हा पर्याय निवडला होता. कारण मीच शिकवलं होतं, 'जास्त' आलं की बेरीज, 'उरले' आलं की वजाबाकी. ही युक्ती तिसरीत चालून जाते, शिष्यवृत्तीत तोंडघशी पाडते.

आता मी गणित सोडवण्याआधी एकच प्रश्न विचारते, "कोणाकडे जास्त आहेत?" रेश्माकडे. मग सलीमकडे ४८ पेक्षा कमीच असणार. म्हणजे ६० हा पर्याय आकडेमोड न करताच बाद. उत्तर ३६.

आकडा फसवतो तो असा

चार पर्याय असले की डोळे मिटून गोल केला तरी चारातून एखादा बरोबर येतो. एखाद्या मुलाला ५० पैकी १० च प्रश्न खरोखर येतात आणि बाकीच्या ४० ना त्याने अंदाजे गोल केले, तर सरासरी आणखी १० बरोबर येतील. आपल्याला दिसतील २०. म्हणून सराव पेपर सोडवताना मी मुलांना प्रश्नपत्रिकेवर खूण करायला सांगते. खात्री असेल तर टिंब, अंदाज असेल तर प्रश्नचिन्ह. तपासताना प्रश्नचिन्हाचा बरोबर आलेला प्रश्नही पुन्हा शिकवायचा. मुलांना आधीच सांगा की प्रश्नचिन्हाबद्दल कोणी रागावणार नाही, नाहीतर सगळीकडे टिंबंच दिसतील!

मुख्य परीक्षेत मात्र गुण वजा होत नसल्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही. अशक्य वाटणारे पर्याय आधी खोडायचे आणि उरलेल्यांतून निवडायचं. तसंच दर पाच प्रश्नांनी प्रश्न क्रमांक आणि गोलाचा क्रमांक जुळतो का ते बघायचं. एक गोल सरकला की पुढचे सगळे सरकतात.

आमच्या वर्गाचा आठवडा

सोमवार : २५ प्रश्नांचा अर्धा पेपर, ३० मिनिटं. कच्चं काम वहीतच करायचं, ती वही माझ्याकडे जमा.

मंगळवार : नवीन पेपर नाही. प्रत्येक चुकीसमोर मूल स्वतः एक अक्षर लिहितं. 'स' म्हणजे समजलंच नव्हतं, 'क' म्हणजे क्रियेत चुकलं, 'व' म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही, 'घ' म्हणजे घाई किंवा चुकीचा गोल. जमलं नाही तर जोडीदाराला विचारायचं.

बुधवार ते शुक्रवार : एकसारखी चूक करणाऱ्या मुलांचे छोटे गट. रोज एका गटाला १५ मिनिटं, नोटा, पट्ट्या, मणी जे लागेल ते घेऊन. बाकीची मुलं तेवढा वेळ एकमेकांना चुकलेली उदाहरणं समजावतात.

शनिवार : त्याच प्रकारचे, आकडे बदललेले दहा प्रश्न. चूक गेली का, एवढंच बघायचं.

यात वर्षभरात पेपर कमी होतात. सुरुवातीला मलाही धास्ती वाटली, कारण शेजारच्या शाळेत रोज एक पेपर होत होता. पण चुकांच्या वहीत 'स' कमी होताना दिसू लागले, तशी माझीही भीती गेली. सगळी मुलं गुणवत्ता यादीत आली असं काही झालं नाही. पण शंका विचारणारे हात वाढले, आणि दोन शिक्षकी शाळेतही हे जमतं.

पालकांसाठी

तुमचं मूल पेपर घेऊन घरी आलं की "किती पडले?" हा प्रश्न थोडा मागे ठेवा. एक चुकलेला प्रश्न निवडा आणि विचारा, "हे उत्तर तू कसं काढलंस, मला सांग बरं." मध्ये थांबवू नका, चूक लगेच दाखवू नका. निम्म्या वेळा मूल सांगता सांगता स्वतःच थांबतं आणि म्हणतं, "अरे, इथं चुकलं." तुम्हाला गणित येत नसलं तरी हे करता येतं, ऐकायला पाढे लागत नाहीत.

शिक्षक मित्रांनो, या आठवड्यात एवढंच करून बघा. नवीन पेपरची झेरॉक्स काढण्याआधी मागच्या पेपरच्या कच्च्या कामाच्या पाच वह्या घरी न्या. उत्तरपत्रिका तपासली की आपल्याला गुण कळतात, वही वाचली की मूल कळतं. माझ्या त्या विद्यार्थिनीची वही वर्षभर माझ्या टेबलावरच होती. मी ती फक्त उशिरा उघडली.