गाडी मिसिंग मारते, पण कधी?

सेकंडहँड गाडी पाहायला जावं, तर तिचं इंजिन बहुधा आधीच गरम असतं. ‘तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवली’, असं विकणारा कौतुकाने सांगतो. व्यवहार होतो, कागद आरटीओकडे जातात, सोसायटीत पेढे वाटून होतात. मग एका सकाळी, इंजिन थंड असताना, सिग्नलला उभ्या गाडीचं स्टिअरिंग हातात थरथरू लागतं. गॅरेजच्या भाषेत, गाडी मिसिंग मारते.

इथे ठरलेली वाट अशी: प्लग बदला, नाही थांबलं तर कॉइल, तरी नाही तर इंजेक्टर क्लीनिंग. बिल वाढत जातं आणि थरथर तिथेच राहते. चांगला मिस्त्री पाना उचलण्याआधी चौकशी करतो. थंड असताना होतं की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत की चढावर? एसी लावल्यावर वाढतं का? निम्मं निदान या उत्तरांत असतं.

एक साधा हिशेब पाहू. आयडलिंगला इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे चार सिलिंडर मिळून मिनिटाला १६०० स्फोट. त्यातला एक सिलिंडर बसला, की सेकंदाला सहा-सात स्फोट गळतात आणि तेच हाताला जाणवतं. आरपीएमचा काटा फडफडत असेल, तर बिघाड बहुधा ज्वलनात. काटा स्थिर आणि फक्त बॉडी हादरत असेल, तर इंजिनाचं रबरी माउंटिंग, म्हणजे मिस्त्री ज्याला ‘फाउंडेशन’ म्हणतात ते, बसलेलं असण्याची शक्यता जास्त. आणि ऑल्टो के-१० किंवा टियागोसारख्या तीन सिलिंडरच्या गाडीत थोडी थरथर जन्मजातच असते. चार सिलिंडरच्या गाडीवरून तिच्यावर आलेल्यांनी लगेच घाबरू नये.

पुढची पायरी म्हणजे स्कॅनर. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. मोबाइलला जोडायचा स्वस्त डोंगलही तिथे चालतो. ‘पी ०३०२’ असा कोड आला, तर मिसफायर दुसऱ्या सिलिंडरमध्ये आहे. ‘पी ०३००’ आला, तर तो एका जागी नाही. कोड काही ‘कॉइल बदला’ असं सांगत नाही, तरी पुष्कळ गॅरेजांत तो तसाच वाचला जातो. खरं तर इथे एक फुकटची परीक्षा आहे. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावायची, कोड पुसायचा आणि गाडी फिरवून आणायची. आता ‘०३०३’ आला तर कॉइल दोषी. ‘०३०२’च राहिला तर हीच अदलाबदल प्लगची करायची. प्लग बाहेर काढलाच आहे, तर तो नीट पाहावा. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तेलाने ओलं टोक मात्र वाईट बातमी: रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल आत येतंय.

कोडच नाही, म्हणून निश्चिंतही होऊ नये. विक्रीआधी कोड पुसता येतात. पण पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या ‘अपूर्ण’ दिसतात आणि त्या पुऱ्या व्हायला बरंच चालवावं लागतं. अर्थात बॅटरी काढली तरी असंच होतं, त्यामुळे नुसत्या तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नये.

उभ्या गाडीत थरथर आणि वेग घेतल्यावर सगळं सुरळीत, असं असेल तर संशय हवेच्या गळतीवर. आयडलिंगला इंजिन मुळात थोडीच हवा ओढतं; त्यात फटीतून मोजमाप न झालेली हवा शिरली, की मिश्रण बिघडतं. वेगात तीच गळती नगण्य ठरते. महाराष्ट्रात याचं एक खास ठिकाण आहे. आरसीवर ‘पेट्रोल/सीएनजी’ लिहिलेलं असतं, पण डिकीत टाकी नसते. बाहेरून बसवलेलं किट विकण्याआधी काढलेलं असतं आणि गॅसच्या नोझलसाठी इनटेक मॅनिफोल्डला पाडलेल्या भोकांवर रबरी टोप्या चढवलेल्या असतात. इंजिनाच्या उष्णतेने त्या कडक होतात, तडकतात. बॉनेट उघडून कान दिला, तर बारीक ‘फुस्स’ ऐकू येतं.

किट जागेवर असेल, तर काम सोपं. गाडी पेट्रोलवर टाकून पाहावी. फक्त गॅसवरच मिसिंग असेल, तर आधी प्लग आणि कॉइल तपासावेत, कारण गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरदार लागते. फक्त पेट्रोलवरच अडखळत असेल, तर महिनोन् महिने न वापरलेले इंजेक्टर चिकटले असण्याची शक्यता.

पावसाळ्यानंतर घेतलेल्या गाडीत उंदीर विसरून चालत नाही. यार्डात उभ्या गाडीची वायर कुरतडलेली निघते आणि बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवलेली सापडतात. ती दिसली, की समजावं, आधीच्या मालकालाही हा पाहुणा ठाऊक होता.

ठिणगी, हवा, इंधन सगळं ठीक आणि तरी एक सिलिंडर बसलेलाच, तर कॉम्प्रेशन टेस्ट करावी. चारही आकडे जवळपास सारखे हवेत. एकच बराच कमी असेल, तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंग झिजलेली. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. बरीच वर्षं गॅसवर पळालेल्या गाडीत व्हॉल्व्हची सीट बसून टॅपेट घट्ट झालेले सापडतात. वेळेत लक्षात आलं, तर सेटिंगवर भागतं.

एक गोष्ट मात्र थांबत नाही. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला तर गॅरेजपर्यंत जाता येतं. तो लुकलुकत असेल, तर गाडी बाजूला घ्यावी. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि हजाराच्या कॉइलपायी त्याहून कैक पट महागाचा भाग वितळतो. डीलरने वॉरंटी दिली असेल, तर स्कॅनचा रिपोर्ट आणि कॉम्प्रेशनचे आकडे जॉबकार्डवर लिहून घ्यावेत. प्लगसारखे झिजणारे भाग वॉरंटीतून सहसा वगळलेले असतात, इंजिनाचे आतले भाग बहुधा नसतात. दोष नेमका कुठे आहे, हे त्या आकड्यांवरूनच डीलरला दाखवता येतं.