वऱ्हाडचा कापूस आणि एक कमिशनर

सांगलीच्या पेठेतील हळदीचे सौदे आमच्या वाचकांस परिचित आहेतच. वऱ्हाडातील कापसाच्या व्यापारावर देखरेख करण्यासाठी इंग्रज सरकारने एके काळी स्वतंत्र अधिकारी नेमला होता. त्याची हकीकत आम्ही येथे देतो.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. त्याच दशकात हॅरी रिव्हेट-कार्नाक हे मध्यप्रांत व वऱ्हाड यांचे कापूस-कमिशनर झाले. पिकाची व बाजाराची माहिती मिळवून सरकारास अहवाल पाठविणे हे त्यांचे काम. नागपूरजवळील जुनापाणीची प्राचीन शिलावर्तुळेही त्यांनी उकरून पाहिली.

१८७० साली खामगावास आगगाडी आली. तिने सर्वांचेच कल्याण होईल, असे कोणासही वाटावे. परंतु रेल्वेमुळे विलायती कापड देशी कापडाहून स्वस्त पडेल, कातणारे व विणणारे लोक शेतमजुरीस लागतील आणि अधिक कापूस परदेशी जाईल, अशी आशा या गृहस्थांनी १८६९ च्या सुमारासच लिहून ठेविली होती. पुढे १८७७ साली जमशेटजी टाटांनी नागपुरातच एम्प्रेस मिल सुरू करून त्या कापसाचे कापड येथेच विणविले.

अधिकारी उद्योगी होता खरा. पण तो कोणासाठी राबला, हे विद्यार्थ्यांनी अवश्य विचारावे.