लिनक्सवरील लॅपटॉपची बॅटरी : दोषनिदानाचा क्रम
अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावी वीज खंडित झाली की लॅपटॉपची बॅटरी हाच अध्यापकाचा आधार उरतो. ती लवकर उतरली की लिनक्सला दोष दिला जातो. तो बहुधा घाईचा असतो. प्रथम 'यूपॉवर' या आज्ञेने बॅटरीची मूळ व सध्याची पूर्ण क्षमता ताडून पाहावी. 50 पैकी 25 वॅट-तासच उरले असतील, तर बॅटरी जीर्ण झाली आहे. मराठवाड्यातील उन्हाळा ही झीज वाढवतोच. क्षमता शाबूत असल्यास इंटेलचे 'पॉवरटॉप' (2007) वीज कोठे खर्च होते ते दाखवते. झाकण मिटूनही बॅटरी उतरत असेल, तर निद्रेचा प्रकार तपासावा : 'एस-टू-आयडल'मध्ये यंत्र केवळ निष्क्रिय राहते, 'डीप'मध्ये स्मृतीखेरीज बहुतेक भागांचा पुरवठा तुटतो. सर्व यंत्रांत मात्र ती सोय नसते. चार्जर सतत जोडलेला राहत असल्यास 'टीएलपी'द्वारे, यंत्राने मुभा दिल्यास, चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवावे. भारनियमनाच्या आदल्या रात्री 'टीएलपी फुलचार्ज' ही आज्ञा देऊन ते पूर्ण करून घ्यावे.