माजी सैनिकांच्या डिप्रेशनवर चुंबकाचा उपचार : खरं किती, आशा किती?

डोक्यावर चुंबकाची कॉइल धरून डिप्रेशन कमी करता येतं, हे ऐकायला एखाद्या भोंदू जाहिरातीसारखं वाटतं. पण हा प्रकार तसा नाही. अमेरिकेत 2008 पासून या उपचाराला सरकारी औषध नियामकाची परवानगी आहे आणि तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतही तो दिला जातो. पूर्ण नाव ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन. डॉक्टर मंडळी थोडक्यात 'टीएमएस' म्हणतात.

बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचं शहर. खानापूर, निपाणीपासून पलीकडे चंदगड, गडहिंग्लजपर्यंत गावोगाव माजी सैनिकांची घरं आहेत. तेव्हा अमेरिकेतल्या सैनिकांवर झालेले अभ्यास नेमकं काय सांगतात, हे इथल्या घरांनीही समजून घेतलेलं बरं. विशेषतः खिशात हात घालायच्या आधी.

यंत्र करतं काय?

शाळेत फॅरेडेचा नियम सगळ्यांनीच घोकलेला असतो : चुंबकीय क्षेत्र बदललं की जवळच्या वाहकात वीज निर्माण होते. इथे तो वाहक म्हणजे मेंदू. इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये हे पहिल्यांदा करून दाखवलं. डोक्यावर कॉइल धरून ठोका दिला आणि माणसाचा हात आपोआप हलला. कवटी उघडली नाही, सुई टोचली नाही.

उपचारात इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल कपाळाच्या वर डाव्या बाजूला टेकवतात. त्या जागेखालचा मेंदूचा भाग विचार आणि भावना यांना लगाम घालायचं काम करतो, आणि डिप्रेशनमध्ये तो मंदावल्याचं आढळतं. चुंबकाचा जोर एमआरआय यंत्राच्या तोडीचा असतो, पण तो क्षणभरच आणि दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच पोचतो. जोर किती ठेवायचा हे आधी हाताचा अंगठा कधी हलतो ते पाहून ठरवतात, कारण प्रत्येकाचं डोकं वेगळं.

रुग्ण खुर्चीत जागा असतो. टक-टक-टक असा मोठा आवाज येतो, म्हणून कानात बोळे देतात. एक बैठक साधारण वीस ते चाळीस मिनिटांची, आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. ठोक्यांची रचना बदलून तीन मिनिटांत संपणारी पद्धतही आता आहे. कॅनडातल्या 2018 च्या मोठ्या अभ्यासात ती जुन्या पद्धतीपेक्षा कमी पडली नाही. बैठक संपली की माणूस उठून स्वतः घरी जातो. भूल देऊन दिल्या जाणाऱ्या 'शॉक ट्रीटमेंट'शी याची गल्लत करू नये. ती वेगळी, आणि तिची गरजही वेगळी.

अमेरिकेतला गोंधळात टाकणारा निकाल

अमेरिकेत 2022 या एका वर्षात 6,400 हून अधिक माजी सैनिकांनी आत्महत्या केली. म्हणजे दिवसाला सतराहून जास्त. त्यामुळे गोळ्यांनी फरक न पडणाऱ्यांसाठी काहीतरी शोधणं ही तिथल्या माजी सैनिक खात्याची निकड होती. त्यांनी नऊ रुग्णालयांत 164 माजी सैनिकांवर टीएमएसची कडक चाचणी घेतली आणि 2018 मध्ये निकाल जाहीर केला.

निम्म्यांना खरं टीएमएस, निम्म्यांना खोटं. खोट्यात आवाज तोच, कातडीला टोचल्यासारखं वाटणंही तेच, पण ठोका मेंदूपर्यंत जात नाही. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. शेवटी खऱ्या उपचाराचे सुमारे 41 टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले होते. खोट्या उपचाराचे? 37 टक्के. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक धरता येण्याजोगा नाही.

यावरून 'टीएमएस म्हणजे थोतांड' असा निष्कर्ष काढायची घाई करायला नको. सामान्य रुग्णांवरच्या इतर चाचण्यांत खरं टीएमएस खोट्यापेक्षा सरस ठरलेलं आहे, परवानगी मिळाली ती त्याच आधारावर. पण या चाचणीतले लोक वेगळे होते. गोळ्यांना दाद न देणारं डिप्रेशन, त्यात अनेकांना पीटीएसडी, अनेकांच्या मागे दारूचा किंवा नशेचा इतिहास. अशा किचकट माणसांना सहसा चाचणीत घेतच नाहीत.

आणि 37 टक्के हा आकडा लहान नाही, तोच खरा विचार करायला लावतो. एरवी घरात कोंडून घेणारा माणूस रोज ठरल्या वेळी आंघोळ करून बाहेर पडतो, कुणीतरी त्याला नावानं हाक मारतं, झोप कशी लागली विचारतं, आपल्यासाठी काहीतरी चाललंय असं त्याला वाटतं. यातलं किती यंत्राचं आणि किती माणसांचं, हे वेगळं करणं अवघड आहे. अभ्यासकांनीही या रोजच्या सोबतीकडे बोट दाखवलं होतं.

पीटीएसडीचं काय?

युद्ध, स्फोट, डोळ्यांसमोर सहकाऱ्याचा मृत्यू यानंतर वर्षानुवर्षं तेच दृश्य परत परत दिसणं, झोपेतून दचकून उठणं, फटाक्याच्या आवाजानं अंगावर काटा येणं, घरच्यांवर उगाच भडकणं, याला पीटीएसडी म्हणतात. पहिल्या महायुद्धात याला 'शेल शॉक' म्हणत. आजचं नाव व्हिएतनाम युद्धानंतर, 1980 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत आलं.

टीएमएसला अमेरिकेत डिप्रेशनसाठी परवानगी आहे, पीटीएसडीसाठी नाही. जाहिरातीत ही ओळ सहसा नसते. मात्र दोन्ही आजार बरोबर असलेल्या माजी सैनिकांबाबत आशादायक आकडे आहेत. तिथल्या सरकारी रुग्णालयांत टीएमएस सुरू केलेल्या 770 जणांचा अभ्यास 2022 मध्ये आला. पुरेशा बैठका पूर्ण केलेल्यांपैकी सुमारे 41 टक्क्यांना डिप्रेशनमध्ये चांगला उतार पडला, 20 टक्के पूर्ण बाहेर आले. ज्यांना सोबत पीटीएसडी होता, त्यांतल्या सुमारे 65 टक्क्यांचा त्रास ठळकपणे कमी झाला. पण या अभ्यासात तुलनेला खोटा उपचार नव्हता, आणि आधीच्या चाचणीचा धडा पाहता ही उणीव मोठी आहे.

म्हणूनच अमेरिकेच्या सरकारी आणि लष्करी डॉक्टरांच्या 2023 च्या मार्गदर्शिकेत, पीटीएसडीसाठी टीएमएस द्यावं किंवा देऊ नये हे सांगण्याइतका पुरावा नाही असं म्हटलं आहे. पहिली पसंती आहे ती आघाताच्या आठवणींवर तज्ज्ञासोबत बसून केल्या जाणाऱ्या बोलण्याच्या उपचाराला. ते सोपं नाही. जे विसरायला माणूस धडपडतो तेच त्यात उकरावं लागतं.

कुणी जपून राहावं?

डोकेदुखी आणि कॉइलखालची कातडी दुखणं हे नेहमीचे त्रास, बहुतेकांचे आठवड्याभरात कमी होतात. फिट येण्याचा धोका असतो, पण हजारात एकापेक्षाही कमी. ज्याला आधीपासून फिट येतात त्यानं ते लपवू नये. दारू एकदम सोडल्यावर फिट येऊ शकते, म्हणून पिण्याबद्दलही खरं सांगावं. सैनिकांच्या बाबतीत एक गोष्ट खास : डोक्यात किंवा मानेत बॉम्बगोळ्याचा तुकडा, छर्रा, शस्त्रक्रियेतली क्लिप किंवा कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र असेल, तर कॉइलच्या जवळचा धातू तापू किंवा सरकू शकतो. कागदपत्रं हरवली असली तरी जखम कुठे झाली होती हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आपल्याकडे

भारतातही टीएमएस मिळतं. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये ते आहे, मोठ्या शहरांतल्या खासगी दवाखान्यांतही आहे. खासगीत सहसा पॅकेजची भाषा होते, तेव्हा पैसे भरण्याआधी विचारावं : उपचार डिप्रेशनसाठी देताय की पीटीएसडीसाठी? मनोविकारतज्ज्ञ स्वतः तपासणार का? किती बैठकांनंतर फरक पडला की नाही ते मोजणार, आणि कशानं? नाही पडला तर पुढे काय? मेंदूचा रंगीत नकाशा दाखवून विस्मरणापासून चिडचिडीपर्यंत सगळं बरं करतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं. चालू असलेल्या गोळ्या टीएमएस सुरू झालं म्हणून आपल्या मनानं बंद करू नयेत. फरक पडला तरी डिप्रेशन पुन्हा डोकं वर काढू शकतं, त्यामुळे तपासणी सुरू ठेवावी लागते.

ईसीएचएस कार्ड असलेल्यांनी आधी आपल्या पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायला सांगावं आणि टीएमएसचा खर्च त्यात बसतो का, हे तिथेच विचारून घ्यावं. त्याआधी नुसतं बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. सैन्यदलांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोलून दाखवत असेल, तर टीएमएसची चौकशी नंतर. त्या दिवशीच त्याला जवळच्या रुग्णालयात न्यावं.