गालिच्यावरचा हॅरी पॉटर

‘हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज’ २१ जुलै २००७ रोजी बाजारात आलं. पण त्याआधीच त्याची पानं इंटरनेटवर फिरत होती. कुणीतरी पुस्तक गालिच्यावर उघडं ठेवून, बोटांनी दाबून, एकेक पान कॅमेऱ्यात टिपलं होतं. बोटं फोटोंत आलीच, शिवाय फाइलींमध्ये कॅमेऱ्याचा अनुक्रमांकही नोंदलेला राहिला!

पुस्तकाची अशी नक्कल करताना खरी अडचण असते बांधणीची. शिवणीजवळ पान वळतं, तिथल्या ओळी वाकड्या, काळपट येतात. म्हणून काही जण पुस्तकाचा कणाच कापून सुटी पानं स्कॅनरमध्ये सरकवतात.

मग ओसीआर हे सॉफ्टवेअर चित्रातली अक्षरं ओळखतं. इंग्रजीत शेजारी आलेले ‘आर’ आणि ‘एन’ त्याला बऱ्याचदा ‘एम’ वाटतात. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’ घोळ घालतात. नकलेचंही मुद्रितशोधन करावं लागतं, ते असं.